नेमबाजांचे प्रश्न : लॉट, पेलेट आणि दोन मिलिमीटरचा हिशोब

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा रोख जवळजवळ एकच आहे. रायफल चांगली, सराव नियमित, मग गोळी कुठली घ्यायची आणि ती निवडायची कशी? म्हणून हे पान पूर्णपणे त्याच विषयाला दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) खेळतो. परदेशातले लांब पल्ल्याचे नेमबाज काडतुसं स्वतः भरतात, दारू मोजून घालतात आणि त्यामुळे त्यांचे ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पसारा) लहान येतात, असं वाचलं. आपल्या .२२ रायफलसाठी असं काही करता येईल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही, आणि त्याचं कारण काडतुसाच्या रचनेतच आहे. ज्या काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बसवलेला असतो, तेच पुन्हा भरता येतं. .२२ लाँग रायफलमध्ये पेट घेणारं मिश्रण पितळी केसच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, कारखान्यातच पसरवलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेपते आणि काडतूस उडतं. चेपलेली कड परत पहिल्यासारखी होत नाही आणि आतलं मिश्रण घरी भरण्यासारखं नसतं. शिवाय आपल्याकडे काडतूस तयार करणं हे उत्पादनात मोडतं आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली त्याला परवाना लागतो. तेव्हा हा विचार सोडा.

पण ते नेमबाज एवढी खटपट कशासाठी करतात, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. प्रत्येक गोळीचा वेग सारखा असावा आणि प्रत्येक गोळी नळीतल्या आट्यांत सारखीच शिरावी. वेगाचं महत्त्व आकड्यांत बघू. .२२ ची मॅच गोळी सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि ५० मीटर गाठायला तिला ०.१६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात ती साधारण १२५ मिमी खाली पडते. साइट लावताना आपण हे पडणं जमेस धरलेलंच असतं. मात्र एखादी गोळी १ टक्क्याने, म्हणजे तीन-सव्वातीन मीटरने, मंद निघाली तर ती आणखी अडीच मिमी खाली लागते. १० मीटरने मंद निघाली तर साडेसात मिमी. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आहे आणि दशांशातला एकेक गुण ०.८ मिमीचा असतो. म्हणजे नेम, श्वास आणि ट्रिगर सगळं बिनचूक असूनही १०.९ ची गोळी १०.० च्या आसपास उतरते.

भरणारा माणूस हा फरक तराजूवर कमी करतो. आपण तो लॉट निवडून कमी करायचा. लॉट म्हणजे एकाच मशीनवर, एकाच घाण्यात निघालेली काडतुसं. पितळ, शिसं, दारू, गोळीवरचं मेण सगळं त्यात एकसारखं असतं. पाकिटाचं नाव तेच राहतं, पण लॉट बदलला की तुमच्या नळीच्या दृष्टीने तो नवाच माल असतो.

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून एकाच कंपनीच्या मॅच काडतुसांचे चार वेगवेगळे लॉट मागवले. माझ्या रायफलमधून टेबलावर टेकवून प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या. ग्रुप १३, १६, १७ आणि १९ मिमी आले. १३ मिमीवाल्या लॉटची हजार काडतुसं घेतली. महिन्याभरात तोच लॉट १८-२० मिमी पसरायला लागला. रायफल बिघडली की काडतुसं खराब झाली?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहेत. चूक निवडीत झाली. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर चार लॉटांचा निकाल लावला आणि त्यातला सर्वांत भाग्यवान ग्रुप उचलला गेला.

एकच रायफल, एकच लॉट, एकच माणूस. तरी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप एकमेकांपासून सहज दीडपट लहान-मोठे येतात. तुमचे १३ ते १९ हे चारही आकडे एकाच लॉटचे असते, तरी कुणाला आश्चर्य वाटायला नको. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप वाढतोच. पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी १५ मिमी येत असतील, तर त्याच मालाचे दहा गोळ्यांचे साधारण १८-१९ मिमी आणि वीस गोळ्यांचे २२ च्या आसपास येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं.

दुसरी अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं की बाकीच्या गोळ्यांची माहिती वाया जाते. एक उदाहरण घ्या. ग्रुपच्या मध्यापासून पाच गोळ्यांची जागा मिलिमीटरमध्ये अशी आहे (आधी आडवं अंतर, मग उभं): १.० व −०.५, −२.० व १.५, ०.५ व ३.०, ३.० व −१.०, −२.५ व −३.०. सर्वांत लांबचं अंतर तिसऱ्या आणि पाचव्या गोळीमधलं, ६.७ मिमी. पाचवी गोळी झाडलीच नसती तर हाच आकडा ५.६ झाला असता. त्याऐवजी प्रत्येक गोळी मध्यापासून किती लांब आहे ते काढा: १.१, २.५, ३.०, ३.२, ३.९. यांची सरासरी २.७. या आकड्याला सरासरी त्रिज्या म्हणू. त्यात पाचही गोळ्यांचा वाटा आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे छापून मिळतात. मोबाइलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये ते भरले की हिशोब मिनिटाचा आहे. कागदी टार्गेट असेल तर दर पाच गोळ्यांना नवा कागद लावा, नाहीतर भोकं एकमेकांत मिसळतात.

आता चाचणी पुन्हा कशी करायची ते सांगतो. प्रत्येक लॉटची किमान ४० काडतुसं त्यासाठी बाजूला ठेवा. खर्च वाटेल, पण हजार चुकीची काडतुसं घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

रायफल वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरा. शक्य असेल तर स्टॉक (दस्ता) काढून ॲक्शन (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) पकडणारा वाइस वापरा. तो नसेल तर स्टॉकसकट पकडणारा चालेल, मात्र नळीला कुठेही स्पर्श होता कामा नये. नळी मोकळी थरथरली पाहिजे, कारण लॉट आणि नळी यांचं जे जमतं ते बरंचसं या थरथरीमुळेच. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड वर जात असेल, तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे तोंड आणखी थोडं वर असताना सुटते आणि तिचं जास्तीचं पडणं काही प्रमाणात भरून निघतं. म्हणून शेजाऱ्याच्या रायफलीत सोन्यासारखा चाललेला लॉट तुमच्याकडे सामान्य ठरू शकतो. काही कंपन्या लॉट नंबरबरोबर कारखान्यात मोजलेला वेग फूट प्रति सेकंदात छापतात. तो वाचून लॉट निवडू नका. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, छान दिसणारा लॉट कागदावरही छान असेलच असं नाही.

वाइसला लावण्याआधी ॲक्शनचे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर, म्हणजे पिळण्याच्या जोरावर, आवळा. टॉर्क रेंच नसेल तर कोणाकडून तरी आणा. हाताच्या अंदाजावर इथे भागत नाही, कारण स्क्रू सैल-घट्ट झाला की थरथर बदलते आणि आदल्या चाचणीशी तुलना उरत नाही.

नळी साफ केलेली असेल तर पहिल्या लॉटच्या २०-२५ गोळ्या नुसत्या झाडा, मोजू नका. लॉट बदलताना त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा लॉट असेल तर १० गोळ्या पुरतात. कंपनी बदलली तर मेण बदलतं आणि नळीतला जुना थर जाऊन नवा बसायला २०-३० गोळ्या लागतात. ही पायरी टाळली की नव्या कंपनीचं काडतूस कायम वाईट ठरतं, दोष मात्र मेणाचा असतो.

मग पहिल्या लॉटच्या दहा, दुसऱ्याच्या दहा, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. नंतर उलट्या क्रमाने चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. असं दोनदा करा. प्रत्येक लॉटच्या ४० मोजलेल्या गोळ्या होतील. बदलाच्या गोळ्या वेगळ्या धरा. फेऱ्या मारण्याचं कारण असं की सकाळ चढते, ऊन वाढतं, नळी तापते. एक लॉट पूर्ण झाडून मग दुसरा घेतलात तर दहा वाजताच्या वाऱ्याचा दोष शेवटच्या लॉटच्या माथी बसेल. वाऱ्याचं गणितही लक्षात ठेवा. बाजूने १ मीटर प्रति सेकंदाचा, म्हणजे झेंडी जेमतेम हलेल एवढा वारा ५० मीटरवर गोळीला पाच-सहा मिमी सरकवतो. म्हणूनच बालेवाडीसारख्या ठिकाणी चाचणी ठेवायची असेल तर ठाण्याहून पहाटे निघा आणि पहिले दोन तास मिळणारी स्थिर हवा वापरा. झेंडी हलली तर थांबा. वाइसमध्ये रायफल असताना वारा वाचून नेम बदलायचा नसतो.

निकाल वाचताना हात आखडता ठेवा. ४०-४० गोळ्यांनंतरही दोन लॉटांच्या सरासरी त्रिज्येत १०-१२ टक्क्यांचाच फरक असेल, तर दोन्ही सारखे समजा. पंचवीस टक्क्यांच्या पुढे फरक गेला तर त्यावर पैसे लावायला हरकत नाही. पहिले दोन लॉट दुसऱ्या दिवशी आणखी ४० गोळ्यांनी तपासा. बहुतेक वेळा या दुसऱ्या दिवशी अव्वल लॉट थोडा खाली येतो. वाईट लॉट मात्र वाईटच राहतात. खरं सांगायचं तर चाचणीचा मोठा फायदा हाच की त्यात टाकाऊ लॉट पक्के सापडतात. सर्वांत उत्तम कोणता, हे तितक्या खात्रीने कधीच कळत नाही.

तुमच्या घरातल्या हजार काडतुसांचं काय? फेकू नका. चार लॉटांपैकी तो एक आहेच, या चाचणीत त्यालाही घाला. मधला ठरला तरी नीलिंग-स्टँडिंगच्या (गुडघ्यावर बसून आणि उभं राहून) सरावाला उत्तम. स्टँडिंगमध्ये माणसाची हालचाल इतकी असते की लॉटमधला फरक तिच्याखाली झाकला जातो.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं, ते पाहून तिने हट्टाने सुरुवात केली. आता ६० शॉट्सना ६०० च्या आसपास गुण मारते. कोच ४.४९ हेडचे (पुढच्या डोक्याचं माप, मिमीत) पेलेट (एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्या) घ्या म्हणतात, दुकानदार ४.५० म्हणतो, दुसऱ्या पालकांनी ४.५१ घेतलेत. महागड्या प्रीमियम पेलेटचाही आग्रह होतोय. काय करावं?
— एक आई, नेरूळ

उत्तर : ताई, आधी दिलासा देणारा हिशोब. १० मीटरच्या टार्गेटवर दशांशाचा प्रत्येक गुण ०.२५ मिमीचा असतो. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिमीच्या आत असेल तर १०.९ आणि अडीच मिमीवर गेला तर १०.०. ६०० गुण म्हणजे सरासरी १०.०, तेव्हा मुलीच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.४ मिमीवर लागतात. साधारण पेलेटची स्वतःची सरासरी त्रिज्या ०.६ मिमी आणि निवडक पेलेटची ०.४ मिमी धरू. या दोन गोष्टी सरळ मिळवायच्या नसतात. वर्ग करून मिळवायच्या आणि मग वर्गमूळ काढायचं. तसं केलं तर निवडक पेलेटने तिचं २.४ चं २.३६ होतं. साठ शॉट्समध्ये फायदा जेमतेम एका गुणाचा. हाच बदल सरासरी १०.५ मारणाऱ्या, म्हणजे ६३० च्या नेमबाजाने केला तर त्याला दोन-सव्वादोन गुण मिळतात, आणि त्या पातळीवर तेवढ्यात पात्रता ठरते. म्हणून ६१५-६२० पर्यंत चांगल्या कंपनीचे मधल्या दर्जाचे मॅच पेलेट पुरेत. वाचलेल्या पैशांत जॅकेट तिच्या मापाचं करून घ्या. या वयात मुलं वर्षात जॅकेटबाहेर वाढतात आणि ढिल्या जॅकेटने एका गुणापेक्षा कितीतरी जास्त जातं.

तरीही हेडचं माप एकदा तपासून घ्या, कारण ते फुकटात मिळणारं काम आहे. नळ्यांच्या मापात शंभराव्या मिमीचा फरक असतो, म्हणून पेलेट ४.४८ ते ४.५२ अशा हेडमध्ये येतात. कोणतं माप चांगलं, याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. तिच्या नळीला कोणतं बसतं एवढाच प्रश्न आहे. क्लबमध्ये तीन मापांचे डबे कोणाकडे ना कोणाकडे असतातच. प्रत्येकाचे ३० पेलेट मागून घ्या. रायफल वाइसमध्ये धरून दहा-दहाच्या तीन फेऱ्या वर सांगितल्याप्रमाणे आलटून-पालटून झाडा. सगळी एकाच भोकात गेल्यासारखी दिसली तर बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजून ४.५ वजा करा. दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरून ६.५ मिमी दिसला तर मध्यापासून मध्यापर्यंत तो २ मिमी झाला. एवढा आला तर समाधानी राहा.

एक गोष्ट मात्र सोडू नका. पेलेट घालताना तिला बोटाच्या टोकाने सरळ बसवायची सवय लावा. तिरका बसलेला पेलेट लोडिंगच्या वेळी कडेने खरवडला जातो, आणि शिसं इतकं मऊ की ती खरवड डोळ्यांनाही दिसते.

प्रश्न : सोनाराकडचा तराजू वापरून पेलेट वजनानुसार वेगळे केले. सगळे ०.५३ ग्रॅमच येतात. मग या निवडीला अर्थ काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचा तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. पेलेटमधला फरक त्याच्या खालचा असतो, त्यामुळे ०.५३ हाच आकडा दिसत राहणार. ०.००१ ग्रॅमचा तराजू, काचेचं झाकण आणि पंखा बंद, असं असेल तरच काही वेगळं दिसेल. दिसलं तरी मोल किती? पेलेट १ टक्क्याने जड असेल तर वेग अर्ध्या टक्क्याने उतरतो आणि १० मीटरवरचं पडणं, जे मुळात १८ मिमीच्या आसपास आहे, ०.२ मिमीने वाढतं. एका दशांशाहून कमी.

त्यापेक्षा डोळ्यांनी निवडा. पांढऱ्या कागदावर पेलेट उभे मांडा आणि मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, बघा. चेपलेला, अंडाकृती झालेला किंवा कडेला टवका उडालेला पेलेट बाजूला काढा. हवेचा दाब स्कर्टला नळीवर चिकटवतो. तिथे वाकडेपणा असला की दाब एका बाजूने निसटतो. डबा हातात घेऊन खुळखुळवायची सवय असेल तर ती आधी थांबवा, कारण स्कर्ट चेपण्याचं मुख्य कारण तेच असतं.

प्रश्न : पावसाळ्यात पेलेटवर पांढरी पूड धरते. काडतुसांवरही काहीतरी हिरवट दिसतं. वाशीत खाडीजवळ राहतो, घरात कायम दमट. वापरू का?
— दोन वाचक, वाशी

उत्तर : पांढरी पूड ही शिसं दमट हवेत गंजून तयार होते. ते पेलेट वापरू नका आणि पुसूनही वापरू नका. पूड हाताला लागून पोटात जाते आणि ती विषारी असते. असे पेलेट वेगळ्या डब्यात बंद करून क्लबमध्ये गोळा होणाऱ्या शिशाच्या भंगारात टाका, घरच्या कचऱ्यात नको. हिरवट डाग पितळेचा असतो. पुसट डाग असलेलं काडतूस सरावाला चालेल, पण खड्डे पडलेलं, किंवा गोळीवरचं मेण निघून कोरडं दिसणारं काडतूस बाजूला ठेवा.

साठवण अशी करा. रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेलचे खडे. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत निळे करता येतात. डबा कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. भिंतीला टेकलेला किंवा फरशीवरचा डबा आधी दमटतो. फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती अजिबात नको, बाहेर काढताक्षणी प्रत्येक काडतुसावर दव धरतं. हीच गोष्ट एसी गाडीतून दमट रेंजवर उतरताना होते. डबा अर्धा-पाऊण तास न उघडता तसाच ठेवा, आतला माल बाहेरच्या तापमानाला आला की मग उघडा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवू नका. मेण मऊ होऊन एका बाजूला ओघळतं आणि मग प्रत्येक काडतूस नळीत वेगळं वागतं.

प्रश्न : एअर रायफलच्या सामन्यात शेवटच्या दहा-बारा शॉट्सना गोळ्या हळूहळू खाली जातात. कोच म्हणतात, थकवा. मला तसं वाटत नाही.
— एक वाचक, कळवा

उत्तर : दोन्ही असू शकतं, पण वेगळं करणं सोपं आहे. थकल्यावर गोळ्या पसरतात. सिलिंडर उतरला की ग्रुप तेवढाच राहून खाली सरकतो. तुमच्या टार्गेटची छापील पट्टी काढून शेवटच्या दहांचा मध्य आणि पसारा पहिल्या दहांशी ताडून पाहा.

सिलिंडर २०० बारला भरतात आणि आतला रेग्युलेटर त्याहून खूप कमी, स्थिर दाबाने हवा सोडतो. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाजवळ आला की वेग घसरू लागतो. तुमच्या रायफलीत हे कधी होतं, ते एकदाच मोजून ठेवा. क्रोनोग्राफ उसना घ्या, सिलिंडर पूर्ण भरून दर पाचव्या शॉटला वेग आणि गेजवरचा दाब लिहा. वेग घसरायला लागतो तो दाब मार्करने सिलिंडरवर लिहून ठेवा आणि सामन्याला त्याच्या बराच वर असतानाच उतरा. चाचणी शॉट्स धरून ६० च्या सामन्यात ८०-९० शॉट्स सहज होतात, हे मोजणीत धरा.

भरताना सावकाश भरा. झटकन भरलं की हवा तापते आणि गेज २०० दाखवतो, सिलिंडर गार झाल्यावर मात्र आत त्याहून कमी असतं. फक्त कोरडी, स्वच्छ दाबाची हवा वापरा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका, आतल्या तेलाच्या अंशाशी संयोग होऊन स्फोट होतो. व्हॉल्व्हला किंवा नळीत तेलाचा थेंब टाकायची सवयही याच कारणासाठी सोडा. सिलिंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीख आणि मुदत वाचा. मुदत संपलेला सिलिंडर नियमात बसत नाही आणि भरणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो तो वेगळाच.

प्रश्न : .२२ ची नळी किती गोळ्यांनंतर साफ करावी? क्लबमध्ये प्रत्येकाचं मत वेगळं.
— एक वाचक, माजिवडा

उत्तर : आकडा ठरवण्यापेक्षा खूण ठरवा. चेंबरच्या पुढे, आटे सुरू होतात तिथे, कार्बनचं कडं साचतं. काडतूस आत जाताना थोडं अडखळायला लागलं किंवा लोड केलेलं काडतूस काढल्यावर गोळीवर नेहमीपेक्षा ठळक ओरखडे दिसले, की साफ करायची वेळ झाली. सळई मागून, गाइड लावूनच घाला. तोंडाकडून घातलेली सळई नळीचं तोंड झिजवते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो. साफ केल्यावर २०-२५ गोळ्या झाडल्याशिवाय झिरो (साइटची जुळणी) तपासू नका. सामन्याच्या आदल्या रात्री साफ करून सकाळी थेट फायरिंग पॉइंटवर जाऊ नका, सामन्याआधीच्या चाचणी शॉट्सच्या वेळात तेवढ्या गोळ्या निवांतपणे होत नाहीत.

एअर रायफलला सळईही नको. दर पाचशे ते हजार शॉट्सनंतर साफसफाईचे दोन-तीन फेल्ट (नमद्याचे) पेलेट कोरडेच झाडले तरी पुरे.

प्रश्न : घरी पेलेट हाताळताना मुलांसाठी काही काळजी? आणि एअर रायफलला परवाना लागतो का?
— तीन पत्रांतून, कोपरखैरणे आणि ठाणे पूर्व

उत्तर : परवान्याचं आधी. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला आपल्या नियमांत परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल ७.५ ज्यूलच्या आसपास असते. .२२ ची गोष्ट वेगळी, तिथे परवाना आलाच, आणि तिची काडतुसंही परवान्यावर नोंदवूनच घ्यावी लागतात.

काळजी शिशाची घ्या. सराव संपला की आधी साबणाने हात, मग पाण्याची बाटली. रेंजवर जेवणाचा डबा उघडू नका, चहा-वडापाव बाहेर जाऊन. तोंडात पेलेट धरायची खोड मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. बुलेट ट्रॅपच्या भोवतालची जागा कोरड्या झाडूने झाडू नका आणि घरगुती व्हॅक्युमनेही ओढू नका, दोन्हींनी बारीक पूड हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. शूटिंगचे कपडे आणि बूट घरातल्या इतर कपड्यांबरोबर मशीनला लावू नका.